दिव्यांग माणूस आणि आरोग्य विमा : शंभर वर्षांची गोष्ट

माझ्याकडे गेली वीसेक वर्षं एक सर येतात. गणिताच्या खासगी शिकवण्या घेतात, वयाने साधारण माझ्याच बरोबरीचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दीड वर्षाचे असताना ताप आला, त्यात पोलिओ झाला आणि उजवा पाय अधू झाला तो कायमचा. आमच्या पिढीत असे एकदोन जण प्रत्येक वर्गात असायचे. पोलिओचे थेंब घरोघरी पोचायच्या आधी जन्मलेली ही पिढी आहे.

२००९ साली सरांनी मेडिक्लेम काढायचं ठरवलं. अर्जात एक प्रश्न होता, काही शारीरिक व्यंग आहे का? सरांनी 'होय' लिहिलं आणि पुढे 'पोलिओ, उजवा पाय' असंही लिहिलं. थोड्याच दिवसांत चेक परत आला. सोबतच्या पत्रात दोन ओळी होत्या, कारण नव्हतं. ते पत्र घेऊन सर दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, माझी शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल. सिगारेट नाही, तंबाखू नाही. पाय अधू आहे हे मान्य. पण माझा पाय आजारी आहे का?"

वैद्यकीय उत्तर सोपं होतं. नाही, पाय आजारी नाही. पोलिओचा विषाणू केव्हाच गेला, मागे राहिला तो त्याने केलेला परिणाम. पण विमा कंपनीचं उत्तर वेगळं का, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. पुढे या विषयावर जमेल तसं वाचत गेलो. त्यातून जे कळलं ते आज लिहितो आहे, कारण आरोग्य योजनेचं कार्ड, विम्याचे नियम आणि दिव्यांगांचे हक्क यांत गेल्या दहा वर्षांत बरेच बदल झाले आणि अनेक घरांना ते ठाऊकच नाहीत.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

विमा म्हणजे मुळात वर्गणी. शंभर घरांनी थोडे थोडे पैसे काढायचे आणि ज्याच्या घराला आग लागेल त्याला द्यायचे. आग कुणाच्या घराला लागेल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळे आनंदाने वर्गणी देतात. पण एखाद्याचं घर आधीच पेटलेलं असेल आणि तो वर्गणी द्यायला आला, तर बाकीचे नव्याण्णव जण कुरकुर करणारच. विमा कंपनी दिव्यांग माणसाकडे असंच बघत आली, याचं घर आधीच पेटलेलं आहे म्हणून. गोंधळ इथेच आहे. अधू पाय ही आग नव्हे. ते घर वेगळ्या बांधणीचं आहे, एवढंच.

अपंगत्व आणि विमा यांची गाठ पहिल्यांदा पडली ती कारखान्यात. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ साली कामगारांचा आजारपणाचा विमा आला, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली वार्धक्य व कायमच्या अपंगत्वाचा. आपल्याकडे ब्रिटिश सरकारने १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा केला आणि तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे हा कायदा आपल्या गावाला लागू नव्हता. पण पुढे इथे एमआयडीसी आली आणि या कायद्यातलं एक परिशिष्ट आपल्या लोकांच्या चांगलंच ओळखीचं झालं.

त्या परिशिष्टात शरीराचा हिशेब आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, चारही गेली तर ५० टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४० टक्के. दोन्ही हात गेले तर १०० टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण कायदा गरिबाच्या बाजूचा होता हे विसरू नये. त्याआधी बोट तुटलेल्या कामगाराला मालकाच्या मर्जीखेरीज काही मिळत नव्हतं.

चिकलठाणा आणि वाळूजच्या पट्ट्यात ज्या डॉक्टरांनी प्रॅक्टिस केली आहे, त्यांना प्रेस मशीनखाली गेलेली बोटं नवीन नाहीत. रुमालात गुंडाळलेला हात घेऊन विशीतला पोरगा यायचा, सोबत सुपरवायझर. पोराचा पहिला प्रश्न असायचा, "डॉक्टर, बोट जोडता येईल का?" आणि सोबत आलेल्याचा, "टक्के किती भरतील?"

या टक्क्यांवरून आजही खूप गैरसमज आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो. कामगार भरपाईतले टक्के असतात 'कमाईची क्षमता किती गेली' याचे. घाटीत किंवा जिल्हा रुग्णालयात मिळणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के असतात 'अवयवाचं काम कायमचं किती कमी झालं' याचे. एकाच हाताचे दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. "तिकडे ३० दिले, इथे १८ कसे?" म्हणून डॉक्टरांशी भांडणारे पेशंट मी पाहिले आहेत. भांडू नका, दोन्ही मोजमापं वेगळी आहेत.

पुढचा टप्पा राज्य कामगार विमा योजनेचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ईएसआयचा. दुसरं महायुद्ध चालू असताना प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचं काम दिलं गेलं. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. इथे पहिल्यांदा उपचार आणि पैसा एकत्र आले. कामावर अपंगत्व आलं तर दवाखाना फुकट, शिवाय टक्केवारीप्रमाणे दरमहा रक्कम, तीही जन्मभर. माझ्या मते भारतातली ही आजवरची सर्वात भक्कम अपंगत्व विमा योजना आहे, तिच्या दवाखान्यांना कितीही नावं ठेवली तरी.

पण तिची मर्यादा तिच्या रचनेतच होती. कामावर असताना अपंग झालात तर ती तुमची. जन्मतः अपंग असाल, लहानपणी पोलिओ झाला असेल आणि म्हणून कुणी नोकरीच दिली नसेल, तर ती तुमची नाही. अपंग *होण्याचा* विमा १९२३ पासून होता. अपंग *असणाऱ्या* माणसाला ताप आला, हर्निया झाला, छातीत दुखलं, तर त्याचा विमा कुणाकडेच नव्हता.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९८६ साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणली. मध्यमवर्गाला पहिल्यांदा हॉस्पिटलच्या बिलापासून आधार मिळाला. पण पॉलिसीत 'हे मिळणार नाही' अशा गोष्टींची यादी होती. आधीपासूनचे आजार नाहीत. चष्मा नाही, श्रवणयंत्र नाही. आणि एका कलमात जन्मजात बाह्य व्यंग होतं, ते गुप्तरोग, स्वतःहून करून घेतलेली इजा आणि दारू यांच्या शेजारी बसवलेलं. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेलं बाळ आणि दारू पिऊन पडलेला माणूस एकाच वाक्यात! कुणी मुद्दाम दुष्टपणे हे लिहिलं असेल असं मला वाटत नाही. खर्च टाळायचा म्हणून यादी केली, आणि त्या यादीत कोण कोणाशेजारी बसलं याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पण सरांचा चेक २००९ साली परत आला तो याच विचारपद्धतीतून.

मग १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला ना? झाला. शिक्षण आणि नोकरीतलं आरक्षण, प्रमाणपत्र, ४० टक्क्यांची अट हे सगळं त्यातूनच रुळलं. पण विम्याच्या बाबतीत त्यात सरकारने स्वतःच्या अपंग कर्मचाऱ्यांसाठी योजना करावी इतकंच होतं. ज्यांना आधीच पगार आणि वैद्यकीय बिलं मिळत होती त्यांच्याचसाठी. शिकवण्या घेणारे सर, एसटीडी बूथ चालवणारा अंध तरुण, घरात बसून असलेली मतिमंद मुलगी, यांचा त्यात उल्लेख नव्हता.

खरी नवी गोष्ट घडली २००८ साली, आणि तिची फारशी चर्चा झाली नाही. राष्ट्रीय न्यास ही केंद्र सरकारची संस्था १९९९ च्या कायद्याने स्थापन झाली आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी ती काम करते. तिने 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना सुरू केली. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, नोंदणीचं शुल्क काहीशे रुपये. रक्कम आज लहान वाटते. पण तिचे नियम वाचले तेव्हा मी चकित झालो होतो.

विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही. आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही. ज्या अपंगत्वासाठी विमा घ्यायचा ते तर आधीपासूनचंच असणार, हे साधं सत्य तिने मान्य केलं. दुसरं म्हणजे, ॲडमिट व्हायची अट नाही. ओपीडीचा खर्च, औषधं, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, एवढंच काय, येण्याजाण्याचा खर्चसुद्धा ठरावीक मर्यादेत मिळतो.

हे महत्त्वाचं का, ते सांगतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला वर्षातून एकदाही ॲडमिट करावं लागत नाही असं होऊ शकतं. पण आठवड्यातून तीनदा थेरपी लागते, फिट्सच्या गोळ्या रोज लागतात, आणि मूल मोठं झालं की त्याला उचलून नेण्यासाठी रिक्षा लागते. घराचं कंबरडं मोडतं ते या रोजच्या थेंबाथेंबाने, एका मोठ्या ऑपरेशनने नव्हे. आपल्या देशातला जवळपास सगळा आरोग्य विमा मोठ्या ऑपरेशनसाठी बनवलेला आहे. निरामय हा ठळक अपवाद. आधी पैसे भरायचे आणि मग बिलं पाठवून परत मिळवायचे ही तिची अडचण, आणि कागदपत्रांत अडकलेले पालक माझ्याकडेही येतात. तरीही तुमच्या घरात या चार गटांतलं कुणी असेल आणि निरामय काढली नसेल, तर या आठवड्यात राष्ट्रीय न्यासाकडे नोंद असलेल्या जवळच्या संस्थेत चौकशी करा.

सरांना मात्र निरामय लागू नाही. नुसता पाय अधू असलेला माणूस त्या चार गटांत बसत नाही. त्यांच्यासारख्यांसाठी २ ऑक्टोबर २०१५ रोजी केंद्राने 'स्वावलंबन' नावाची योजना आणली. कुटुंबाला दोन लाखांचं संरक्षण, हप्त्याचा दहावा हिस्सा आपला, बाकी सरकारचा. ती फार दिवस चालली नाही. सरांना तिची बातमी मी दिली तेव्हा ती बंद झालेली होती. दोष माझाही आहे, मलाच उशिरा कळलं.

दरम्यान महाराष्ट्रात वेगळी वाट चालू होती. १९९७ ची जीवनदायी योजना दारिद्र्यरेषेखालच्या लोकांच्या मोठ्या आजारांसाठी होती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून आपल्यासह सगळ्या राज्यात आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, ९७१ उपचार. १ एप्रिल २०१७ पासून तीच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. इथे अपंगत्व आडवं येत नव्हतं, ही तिची मोठी गोष्ट. आरोग्यमित्र तुमचा पाय बघत नव्हता, रेशनकार्डाचा रंग बघत होता. पिवळं किंवा केशरी असेल तर आत. पांढरं असेल तर बाहेर. पुढे आपल्या मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना आत घेतलं गेलं. सर शेतकरी नव्हते. कार्ड पांढरं होतं.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला पाच लाख. लाभार्थी ठरवले २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून. तिथे दिव्यांगांचा उल्लेख होता, पण कसा ते बघा. ग्रामीण भागात जे निकष लावले त्यातला एक होता, घरात अपंग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ व्यक्ती एकही नाही. 'आणि' या शब्दाकडे लक्ष द्या. घरात अपंग वडील आणि धडधाकट मुलगा असेल, तर या निकषात ते घर बसत नाही. दुसरा एखादा निकष लागू पडला तरच बसेल.

कागदावर हे योग्य वाटतं, कमावणारा आहे ना घरात! पण पैठणजवळच्या खेड्यातून कंबरेखाली लुळ्या झालेल्या वडिलांना घाटीत आणायचं तर तो धडधाकट मुलगाच मजुरी बुडवून येतो. वडिलांची कमाई नाही आणि त्या दिवशी मुलाचीही नाही. घरात अपंगत्व असलं की धडधाकट माणसाचेही दिवस त्यात जातात, हे त्या 'आणि'मुळे मोजलंच गेलं नाही. शहरी भागात तर कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले असे अकरा व्यवसायगट ठरवले, त्यांत अपंगत्वाचा निकषच नव्हता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले होते. एवढ्या लोकांचा विचार करताना एक अव्यय किती जड पडतं!

२०१९ च्या पावसाळ्यात सर शिकवणीच्या जिन्यावर घसरले. पोलिओच्या पायाचं हाड वापर कमी असल्याने बारीक आणि ठिसूळ असतं, त्यामुळे मांडीचं हाड मोडलं. अशा हाडात प्लेट बसवणं नेहमीपेक्षा अवघड, आणि अर्थातच महाग. मेडिक्लेम नाही, फुले योजना नाही, आयुष्मान नाही. सरांनी बायकोचे दागिने गहाण ठेवले, दोन जुन्या विद्यार्थ्यांनी मदत केली. मला ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणाले, "डॉक्टर, आता तरी हा पाय आजारी आहे म्हणायचा ना?" आम्ही दोघं हसलो, पण मला ते हसू बोचलं.

खरं तर तोवर कायदा बदललेला होता. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सात प्रकारांचे एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्ससुद्धा आले. ज्यांना ईएसआय किंवा दुसरी सरकारी विमा योजना नाही अशा दिव्यांगांसाठी सर्वसमावेशक विमा योजना असावी, हेही त्यात लिहिलं गेलं. त्याच्याच जोडीला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. मानसिक आजाराच्या उपचाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागेल असं त्याने कंपन्यांना बजावलं. आता स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचा क्लेम 'मानसिक आहे' एवढ्या कारणावरून नाकारता येत नाही.

कायदा आला तरी कंपन्यांचे अर्ज लगेच बदलले नाहीत. मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअरवर असलेल्या एका नोकरदार गृहस्थांना कंपन्यांनी आरोग्य विमा नाकारला. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला की जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो आणि दिव्यांगांसाठी विमा कंपन्यांनी पॉलिसी तयार केल्याच पाहिजेत. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने परिपत्रक काढलं. प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीने दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी पॉलिसी बाजारात आणावी, असा आदेश होता. २०२४ साली आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असाही नियम झाला. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

महाराष्ट्रानेही २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने फुले योजना सगळ्यांना खुली केली आणि संरक्षण पाच लाखांचं केलं. १ जुलै २०२४ पासून ती अमलात आली. उपचारांची यादी १३५६ वर गेली. रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली. ज्या दिवशी सरांचं कार्ड निघालं, त्या दिवशी ते मुद्दाम दाखवायला आले होते.

मात्र या कार्डावर काय मिळतं आणि काय नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो. यादीतला उपचार, यादीतलं हॉस्पिटल, आणि बहुतेक वेळा ॲडमिट होणं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पैसे लागत नाहीत. रोजची फिजिओथेरपी, कॅथेटर, डायपर, बेडसोअरची ड्रेसिंग, घरी ठेवलेली बाई किंवा मामा, हा खर्च तुमचाच. खासगी कंपन्यांच्या नव्या पॉलिसींतही आधीपासूनच्या दिव्यांगत्वासाठी थांबायची मुदत आणि बिलातला काही हिस्सा आपण भरायची अट असू शकते. सही करण्यापूर्वी ही दोन कलमं शोधा. आणि अर्जात दिव्यांगत्व लपवू नका. एजंट "लिहू नका, पास होईल" म्हणाला तरी लिहा. नाकारलं तर लेखी कारण मागा. आता ते मागता येतं, २००९ साली मागितलं तरी उपयोग नव्हता.

सर मागच्या महिन्यात आले होते. वय वाढल्यावर पोलिओ झालेल्यांचे चांगले स्नायूही थकतात, तसा त्यांचा डावा पाय आता कुरकुरतो आहे. नवा, हलका कॅलिपर करायला सांगितला आहे. त्याचा खर्च शिकवणीच्या पैशांतूनच होणार. सोबत एका खासगी कंपनीचा अर्ज आणला होता, बायकोला आणि स्वतःला मिळून. व्यंगाचा प्रश्न याही अर्जात आहे, पण यावेळी त्याच्याखाली प्रमाणपत्राचा क्रमांक आणि टक्केवारी लिहायला जागा ठेवली आहे. सरांनी सगळं सुवाच्य अक्षरात भरलं होतं, फक्त डॉक्टरांचा रकाना कोरा होता. मी त्यात लिहिलं, 'लहानपणीच्या पोलिओचा उजव्या पायावर परिणाम. सध्या कोणताही सक्रिय आजार नाही', आणि सही-शिक्का केला. उत्तर अजून यायचं आहे.